नवशिक्याच्या हाती किती शक्ती?

दहावी-बारावीचे निकाल लागतात, सोयाबीनचा पैसा हाती येतो किंवा घरातील मोठा मुलगा कामाला लागतो, तेव्हा आपल्या ग्रामीण कुटुंबांच्या अंगणात नवी मोटारसायकल उभी राहते. अनेक श्रद्धावंत ती प्रथम चर्चच्या आवारात आणतात. धर्मगुरू प्रार्थना करतात, पवित्र जल शिंपडतात, मुले पेढे वाटतात. गाडीचा रंग, किंमत, ‘ॲव्हरेज’ यांविषयी उत्साहाने बोलले जाते. मात्र ही गाडी कोण चालविणार, तो ती कोठे शिकला आणि या यंत्रातील शक्ती पेलण्याइतका तो तयार झाला आहे काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

आपल्या देशाचा कायदाही हा प्रश्न अर्धाच विचारतो. तो चालकाचे वय विचारतो. वाहनाच्या शक्तीविषयी मात्र एक अपवाद वगळता मौन पाळतो. तो एकुलता एक अपवादही आज बव्हंशी कागदावरच उरला आहे. शिकाऊ व नवपरवानाधारक चालकांना किती शक्तीचे वाहन चालवू द्यावे, हा विषय वरवर पाहता परिवहन खात्याचा वाटेल. वस्तुतः तो प्रत्येक कुटुंबाचा आणि म्हणून प्रत्येक धर्मग्रामाचाही विषय आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही. याला एकच सवलत आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालविता येते. त्यासाठी बिनगियरच्या दुचाकीची शिकाऊ अनुज्ञप्ती, म्हणजेच लोकभाषेतील ‘कच्चे लायसन्स’, घ्यावे लागते आणि पालकांनी त्यास लेखी संमती द्यावी लागते. व्यापारी अथवा मालवाहू वाहन चालविण्यासाठी किमान वय वीस वर्षे आहे.

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते. ती मिळाल्यापासून निदान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर लावणे बंधनकारक आहे. मोटारीत शिकाऊ चालकाच्या शेजारी परवानाधारक शिक्षक बसलेला असला पाहिजे, आणि शिकाऊ दुचाकीस्वाराने शिक्षकाखेरीज कोणालाही मागे बसवू नये, असा नियम आहे. आपल्या रस्त्यांवर हा शेवटचा नियम किती पाळला जातो, हे वाचकांना सांगावयास नको. शिकाऊ परवाना हाती असलेला मुलगा दोन मित्रांना मागे बसवून ‘ट्रिपल सीट’ जाताना दिसतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

२०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. नव्याने घातलेल्या १९९-अ या कलमानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक यांनाच दोषी मानले जाते. त्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला हा प्रकार ठाऊक नव्हता, अथवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे पालकाने स्वतः सिद्ध करावयाचे असते. ‘पोराने न विचारता गाडी नेली’ एवढे म्हणून सुटका होत नाही. किल्ली खुंटीला कशी काय टांगलेली होती, असे विचारले जाऊ शकते.

नाहीशी झालेली पायरी

पन्नास सीसीची सवलत ज्या काळात कायद्यात आली, त्या काळी तिला अर्थ होता. आपल्या पिढीतील वाचकांना ‘लूना’ आठवत असेल. कायनेटिक कंपनीने १९७२ साली आणलेली ही मोपेड त्या वेळच्या अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, ओळख बनली. तिला पायडल होते, इंजिन चिमुकले होते, वेग बेताचा होता. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली या सर्वांनी ती वापरली. सायकल आणि मोटारसायकल यांच्यामधली ती एक पायरी होती. मुलगा आधी सायकल शिके, मग लूनावर हात बसे आणि पुढे कमावता झाल्यावर मोटारसायकल घेई.

ती पायरी आज राहिलेली नाही. प्रदूषणाचे निकष कडक झाले, ग्राहकांना अधिक ताकदीच्या गाड्या हव्याशा वाटू लागल्या आणि छोट्या इंजिनांच्या मोपेड बाजारातून जवळपास हद्दपार झाल्या. आज खेड्यापाड्यांत मोपेड म्हणून जी गाडी दिसते तिचे इंजिनही शंभर सीसीच्या घरातील असते. मुलींच्या स्कूटरचे इंजिन एकशे दहा सीसीच्या आसपास असते. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला जी गाडी चालविण्याची कायद्याने मुभा आहे ती दुकानात मिळत नाही, आणि जी मिळते ती चालविण्याची मुभा नाही. परिणामी सायकलवरून तो थेट शंभर-दीडशे सीसीच्या गाडीवर येतो, तोही विनापरवाना.

विजेवर चालणाऱ्या वाहनांनी हा गुंता आणखी वाढविला आहे. विजेच्या मोटारीला ‘सीसी’ नसतात. त्यामुळे जुनी मोजपट्टी तेथे लागूच पडत नाही. सध्याच्या नियमांनुसार ज्या विद्युत दुचाकीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, तिला मोटार वाहन समजले जात नाही. तिला परवाना वा नोंदणी लागत नाही. ही सवलत उपयुक्त आहे. परंतु अशा गाडीत फेरफार करून तिचा वेग दुप्पट करून देणारेही आहेत. पालक भाबडेपणाने ‘हिला लायसन्स लागत नाही’ म्हणून मुलाला गाडी देतात; प्रत्यक्षात फेरफार केलेले ते वाहन नोंदणी नसलेली मोटारसायकलच झालेले असते. सोळा ते अठरा या वयोगटासाठी मर्यादित शक्तीच्या विद्युत दुचाकींना परवाना द्यावा, अशी चर्चा शासनस्तरावर अधूनमधून होत आली आहे. ती तडीस जाणे इष्ट आहे, कारण हरवलेली पायरी परत आणण्याचा तो एक मार्ग आहे.

अठराव्या वाढदिवशी सारे दरवाजे खुले

अठरा वर्षे पूर्ण होताच चित्र पालटते. ‘गियरसह मोटारसायकल’ असा शेरा परवान्यावर आला, की शंभर सीसीची गाडी आणि हजार सीसीची गाडी यांत कायदा भेद करीत नाही. ‘हलके मोटार वाहन’ हा शेरा मिळाला, की छोटी कौटुंबिक मोटार असो वा तिच्या पाचपट शक्तीची परदेशी मोटार असो, दोन्ही चालविण्याचा अधिकार एकाच दिवशी मिळतो. हलके वाहन कोणते, हे कायदा वजनावरून ठरवितो. ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे वाहन हलके. शेतीचा ट्रॅक्टरही याच वर्गात बसतो.

विशेष म्हणजे पायरीपायरीने अधिकार देण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. व्यापारी वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती हवी असेल, तर आधी निदान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना हाती असावा लागतो. म्हणजे ज्याला पोटासाठी ट्रक चालवायचा आहे त्याने वर्षभर धीर धरावा, आणि ज्याला हौसेसाठी तुफान वेगाची मोटार चालवायची आहे त्याने मुळीच थांबू नये, अशी ही विसंगती आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यापुरते बोलायचे तर या विसंगतीला एक नवे परिमाण लाभले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारजवळ आपल्याला थेट त्या रस्त्यावर चढता येऊ लागले. तेथे दुचाकींना प्रवेश नाही. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या वेगाने मोटार एका सेकंदात तेहतीस मीटर अंतर कापते. ज्याने आजवर आसेगावचा बाजाररस्ता आणि मंगरूळपीरचा चौक एवढ्यातच गाडी चालविली, असा नवपरवानाधारक तरुण परवाना मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी या महामार्गावर जाऊ शकतो. वेग दुप्पट झाला, की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे त्याने शाळेत पाठ केलेले असते. पण हाताला आणि डोळ्यांना ते शिकविण्याची सोय कोणीच केलेली नसते.

पुण्याने दाखविलेले सत्य

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात भरधाव पोर्शे मोटारीने एका दुचाकीला उडविले. दुचाकीवरील चोवीस वर्षांचे दोन तरुण अभियंते, एक युवक व एक युवती, जागीच गतप्राण झाले. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचे आणि त्याने त्यापूर्वी मद्यपान केल्याचे पोलिसांनी सांगितले. गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला जामीन दिला आणि देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली.

कोण किती दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपण एवढेच पाहावे, की त्या वेळी चर्चा श्रीमंतीची झाली, निबंधाची झाली, भ्रष्टाचाराची झाली. आणि ती व्हावयासच हवी होती. पण त्या मोटारीच्या शक्तीची चर्चा फारशी झाली नाही. ती गाडी तीनशे किलोवॅटच्या घरातील शक्तीची होती; आपल्या रस्त्यांवरील साध्या कौटुंबिक मोटारीची शक्ती पन्नास ते पासष्ट किलोवॅट असते. तो मुलगा चार महिन्यांनी अठरा वर्षांचा झाला असता, रीतसर परवाना घेऊन तीच गाडी घेऊन निघाला असता, तर शक्तीच्या बाबतीत कायद्याने त्याला अडविले नसते. हे सत्य त्या अपघाताच्या गदारोळात बाजूला पडले.

अन्य देशांची रीत

युरोपीय संघात २०१३ पासून दुचाकी परवान्याच्या पायऱ्या सर्वत्र सारख्या आहेत. सुरुवातीला ५० सीसी आणि ताशी ४५ किलोमीटरपर्यंतची मोपेड. त्यानंतर १२५ सीसी व ११ किलोवॅटपर्यंतची मोटारसायकल. मग अठराव्या वर्षापासून ३५ किलोवॅटपर्यंतची. या तिसऱ्या पायरीवर दोन वर्षे काढल्यावरच अमर्याद शक्तीच्या मोटारसायकलीचा परवाना मिळू शकतो. अन्यथा चोवीस वर्षे वयापर्यंत थांबावे लागते. सिंगापूरमध्ये २०० सीसी, ४०० सीसी आणि त्यापुढील अशा तीन श्रेणी आहेत; एकीत निदान एक वर्ष काढल्याशिवाय पुढची मिळत नाही.

मोटारींबाबत इटलीचे उदाहरण बोलके आहे. तेथे नव्या चालकांवर २०११ पासून शक्तीची मर्यादा आहे. डिसेंबर २०२४ मधील सुधारणेनंतर पहिली तीन वर्षे त्यांना १०५ किलोवॅटपेक्षा अधिक शक्तीची, अथवा वजनाच्या दर टनामागे ७५ किलोवॅटपेक्षा अधिक शक्तीची मोटार चालविता येत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात नवपरवानाधारकांसाठी दर टनामागे १३० किलोवॅट ही मर्यादा आहे.

मात्र तेवढ्यावरच हे देश थांबत नाहीत. न्यू साऊथ वेल्समध्ये पंचविशीखालील नव्या चालकाला रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत एकवीस वर्षांखालील एकाहून अधिक प्रवासी नेता येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये मर्यादित परवान्यावर रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालविण्यास मनाई आहे. रात्र, मित्रांची साथ आणि जादा शक्ती या तीन गोष्टी एकत्र आल्या, की नवशिक्याचा विवेक डळमळतो, हे मानवी स्वभावाचे निरीक्षण या नियमांच्या मुळाशी आहे.

खेड्याची गरज आणि गरिबाचा प्रश्न

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. आसेगावसारख्या गावात मोटारसायकल ही चैन नव्हे. कनिष्ठ महाविद्यालय, रुग्णालय, बाजार समिती, बँक, सर्व काही अंतरावर. आसेगावला पोलीस ठाणे आहे. पण अनेक कामांसाठी मंगरूळपीर किंवा वाशीमच गाठावे लागते. एस.टी. हा खेड्याचा आधार. गावखेड्यांतील मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, मुलांना सवलतीचा. पण बसच आली नाही तर पासाचा काय उपयोग? ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला, तेव्हा शाळा-महाविद्यालय गाठण्यासाठी विद्यार्थ्यांचे किती हाल झाले, हे सर्वांना स्मरत असेल. ज्या बापाकडे एकच गाडी आहे, त्याने मुलासाठी कमी शक्तीची दुसरी गाडी कोठून आणावी? शहरी सुखवस्तूंसाठी केलेला नियम गरिबाच्या पोराला महाविद्यालयापासून दूर ठेवील, ही भीती अनाठायी नाही.

तथापि आकडे पाहिले तर या भीतीचा मोठा भाग दूर होतो. आपल्या शेतकरी कुटुंबांत सर्रास दिसणारी शंभर सीसीची मोटारसायकल सुमारे सहा किलोवॅट शक्तीची असते. युरोपातील दुसऱ्या पायरीची मर्यादा अकरा किलोवॅट आहे. म्हणजे तीच मर्यादा आपल्याकडे अठरा ते वीस वयाच्या चालकांना लावली, तरी शेतकऱ्याची, मजुराची, दूधवाल्याची गाडी तिच्या आतच राहते. दीडशे सीसीच्या बऱ्याचशा साध्या गाड्याही राहतात. बाहेर पडतात त्या दोनशे ते चारशे सीसीच्या, अठरा ते बत्तीस किलोवॅटच्या, शर्यतीच्या धाटणीच्या गाड्या, ज्यांच्या जाहिराती मुलांच्या भिंतींवर लागलेल्या असतात. मोटारींचेही तसेच. आपल्याकडची छोटी कौटुंबिक मोटार इटलीच्या मर्यादेत सहज बसते. शक्तीची मर्यादा गरिबाच्या गरजेला धक्का लावीत नाही. ती श्रीमंताच्या हौसेला आणि मध्यमवर्गाच्या अनुकरणाला लगाम घालते. असा नियम अन्यायाचा कसा म्हणावा?

अठराखालच्या मुलांचा प्रश्न अधिक कठीण आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तेथे उत्तर मोटारसायकलीत नाही. ते वेळेवर येणाऱ्या बसमध्ये, वसतिगृहात आणि कायदेशीर अशा कमी वेगाच्या वाहनात आहे. ग्रामसभेत रस्त्याच्या डांबरासाठी जसा आवाज उठतो, तसा महाविद्यालयाच्या वेळेच्या बससाठीही उठला पाहिजे. मुलाच्या हाती बेकायदा गाडी देणे हा शासनाच्या उणिवेवरचा उपाय नव्हे. तिची किंमत शेवटी आपलेच मूल मोजते, किंवा दुसऱ्याचे.

आणि ट्रॅक्टर? सुगीच्या दिवसांत सोयाबीनने भरलेली ट्रॉली ओढणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो. स्वतःच्या वावरात तो शिकेल; पण सार्वजनिक रस्त्यावर, अंधारात, मागे लाल दिवा वा चमकपट्टी नसलेली ट्रॉली ओढताना तो स्वतःला आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला मृत्यूच्या दारी नेतो. येथे वेग अल्प असतो, पण वजन अफाट असते.

आकड्यांमागील माणसे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंना अतिवेग कारणीभूत ठरला. महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांहून अधिक बळी गेले. एखाद्या साथीने इतके लोक नेले असते, तर आपण उपास-प्रार्थना आरंभिल्या असत्या.

आर्थिक आघातही मोठा असतो. परवाना नसलेल्या व्यक्तीने अपघात केला, तर विमा कंपनीने बळीच्या कुटुंबाला भरपाई देऊन ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या एका महत्त्वाच्या निकालात मान्य केला. म्हणजे दोन एकर कोरडवाहू शेती असलेल्या बापाने सोळा वर्षांच्या मुलाला किल्ली दिली आणि दुर्दैव ओढवले, तर वसुली त्या शेतीपर्यंत पोहोचू शकते. हा धोका किती घरांना ठाऊक आहे?

ख्रिस्तसभेची शिकवण

रस्त्याचे नियम मोडणे हा ‘चलान’पुरता मामला आहे, पापाशी त्याचा काय संबंध, अशी समजूत आपल्यात रूढ आहे. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात केवळ व्यक्तिगत नीतीवर समाधान मानणाऱ्यांना इशारा देताना वेगमर्यादेच्या कायद्यांचा स्पष्ट उल्लेख केला. असे नियम तुच्छ मानणारे स्वतःचे व इतरांचे जीवन संकटात टाकतात, असे परिषदेचे म्हणणे आहे. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात (परिच्छेद २२९०) मद्यधुंदीमुळे किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर स्वतःची वा इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यावर गंभीर दोष येतो, असे सांगितले आहे. खून करू नये या आज्ञेखाली हे विवेचन येते, हे ध्यानात घ्यावे.

जून २००७ मध्ये स्थलांतरित व प्रवासी यांच्या सेवेसाठीच्या परमधर्मपीठाच्या परिषदेने, कार्डिनल रेनातो मार्तिनो यांच्या अध्यक्षतेखाली, रस्त्यावरील धर्मसेवेविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील ‘चालकांच्या दहा आज्ञा’ जगभर गाजल्या. वाहन हे सत्ता व वर्चस्व गाजविण्याचे साधन होऊ नये, रस्त्यावर दुर्बलाचे रक्षण व्हावे आणि चालविण्याच्या योग्य स्थितीत नसलेल्या तरुणांना प्रेमाने परावृत्त करावे, असा त्यांतील काही आज्ञांचा आशय आहे. आपल्या विषयाचे सार यात आले आहे. शक्ती वाईट नाही. ती मिरविण्याची ओढ वाईट.

पवित्र शास्त्र तर त्याहूनही मागे जाते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैल मारका आहे हे मालकाला सांगितले असूनही त्याने तो बांधून ठेवला नाही आणि कोणाचा जीव गेला, तर दोष मालकावर येतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा असे सांगितले आहे, कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमात जे २०१९ साली आले, त्याचे बीज या नियमांत सापडते. धोका ठाऊक असताना काळजी न घेणे, हीच हानीची सुरुवात.

प्रभू येशूच्या रुपयांच्या दाखल्यात धनी आपल्या दासांना सारखी रक्कम देत नाही. ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे देतो. जो थोडक्यात विश्वासू ठरतो त्यालाच पुढे अधिक सोपविले जाते. पायरीपायरीने परवाना देण्याचे तत्त्व याहून वेगळे काय आहे? आपल्या शेतकऱ्याला तर ते उपजतच कळते. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लहानग्याच्या हाती लाकडी बैल येतो. पुढे तो बापामागे तासातून चालतो, मग मुरलेल्या, शांत जोडीचा कासरा त्याला मिळतो. उधळणारा गोऱ्हा पहिल्याच दिवशी पोराच्या हाती कोणी देत नाही. बैलाबाबत जे शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या जपले, ते मोटारसायकलीबाबत आपण का सोडले?

घराने व धर्मग्रामाने काय करावे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. शासनाने अठरा ते वीस वयासाठी शक्तीची मर्यादा घालावी, अल्पशक्तीच्या विद्युत दुचाकींसाठी सोळा वर्षांवरील मुलांना रीतसर प्रशिक्षण व परवाना द्यावा, पक्क्या परवान्याची चाचणी खरोखरीची घ्यावी, ही मागणी आपण जरूर करू या. जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. ही सोय चांगली आहे. पण परीक्षा मुलानेच दिली पाहिजे, ‘सेंटर’वाल्याने नव्हे. सोय प्रामाणिकपणावर उभी असते.

घरात मात्र आजपासून नियम करता येतो. परवाना मिळेपर्यंत किल्ली मुलाच्या हाती देऊ नये. परवाना मिळाल्यावर पहिले वर्षभर घरातील साधी गाडीच वापरावी. नवी व ताकदवान गाडी बक्षीस म्हणून देऊ नये. पहिले सहा महिने रात्री नऊनंतर गाडी बाहेर काढू नये, मागे मित्रांना बसवू नये, हेल्मेट दोघांनीही घालावे. महामार्गावर प्रथम जाणकाराच्या सोबतीनेच जावे. मुलगा रुसेल, आई मध्ये पडेल, आजोबा लाडाने म्हणतील, ‘चालवू दे, शिकेल.’ पण येथे बापाने ठाम राहिले पाहिजे. आणि ठाम राहण्यापूर्वी त्याने स्वतः दारू पिऊन गाडी चालविणे सोडले पाहिजे. मुले उपदेश ऐकत नाहीत, ती पाहतात.

धर्मग्रामांनाही काही करता येईल. वाहनाला आशीर्वाद देण्यापूर्वी धर्मगुरूंनी प्रेमाने परवाना दाखविण्यास सांगावे, आणि प्रार्थना यंत्रासोबत चालविणाऱ्यासाठीही करावी. दृढीकरण संस्काराच्या तयारीत पाचव्या आज्ञेचा पाठ शिकविताना रस्त्याचा उल्लेख अवश्य व्हावा. त्या वयाची मुले नेमकी याच उंबरठ्यावर असतात. युवक मंडळांनी जानेवारीतील रस्ता सुरक्षा उपक्रमांत पोलीस ठाण्याच्या व परिवहन कार्यालयाच्या सहकार्याने एक दिवस द्यावा. संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्ते अपघातांतील बळींचा स्मरणदिन म्हणून स्वीकारला. नोव्हेंबर हा आपला मृतात्म्यांचा महिना. त्या रविवारच्या मिस्सामध्ये आपल्या परिसरात रस्त्यावर गेलेल्या सर्वधर्मीय बांधवांसाठी प्रार्थना व्हावी आणि त्यांच्या घरच्यांना निमंत्रण धाडावे.

काईनाने विचारलेल्या प्रश्नाला आपण रस्त्यावर रोज उत्तर देत असतो. समोरून सायकलीवर येणारी शाळकरी मुलगी, बाजारातून परतणारी म्हातारी, खांद्यावर फवारणीचा पंप घेतलेला मजूर, हे आपल्याच स्वाधीन केलेले भाऊ-बहीण आहेत. मुलाच्या हाती किल्ली देताना आपण त्यांचेही प्राण त्याच्या हाती देत असतो. तेवढे सोपविण्याइतका तो विश्वासू झाला आहे काय, एवढा एकच प्रश्न प्रत्येक बापाने व आईने स्वतःला विचारावा, आणि उत्तर ‘अजून नाही’ असे आले तर ते मुलाला प्रेमाने सांगण्याचे धैर्य परमेश्वराकडे मागावे.